ऐतिहासिक कथा लिहायचीय? एका रात्रीपासून सुरुवात करा

ऐतिहासिक कथा-कादंबरी मनात घेतलेले लोक साधारण दोन प्रकारचे भेटतात. पहिल्यांच्या कपाटात झेरॉक्सचे गठ्ठे असतात, फोनमध्ये दोनशे पीडीएफ असतात आणि लिहिलेलं पान एकही नसतं. दुसरे पहिल्याच दिवशी घोड्यांच्या टापा उडवत सुरू करतात आणि तिसऱ्या प्रकरणात त्यांचा सरदार फक्कड चहा पिऊन मोहिमेवर निघतो. दोघांनाही एकच औषध लागू पडतं. विषय लहान करा. अजून लहान करा.

हा लेख ठाणे-नवी मुंबईत राहून, नोकरी-संसार सांभाळून लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. शनिवार-रविवार, लोकलचा पास आणि एक जाड वही एवढ्या भांडवलावर जे जमतं तेच सांगतो. ही वाट मी स्वतः चाललेलो आहे. उदाहरणही शेवटपर्यंत एकच घेतो, म्हणजे धागा सुटणार नाही.

१. काळ निवडू नका, रात्र निवडा

"पेशवाईवर लिहितोय" याला विषय म्हणत नाहीत. पेशवाई शंभरावर वर्षांची आहे, तिच्यावर वाचता वाचता निवृत्तीचं वय येईल. एक ठिकाण, एक घटना, जमलं तर एकच रात्र धरा.

आपल्याकडे तोटा नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे आणि साष्टी घेतली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली. खाडीपलीकडच्यांसाठी २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह आहे, १९७० नंतरचं सिडकोचं भूसंपादन आहे, जानेवारी १९८४ चं जासईचं आंदोलन आहे. शेवटच्या दोन विषयांत एक मोठी सोय आहे: ते दिवस पाहिलेली माणसं अजून गावात आहेत. त्यांच्याशी बोलताना आधी परवानगी घ्या, आवाज नोंदवा, आणि त्यांचं नाव कथेत आणणार असाल तर तेही तेव्हाच विचारा.

माझं उदाहरण त्रिंबकजी डेंगळ्यांचं. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्याचा ठपका इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या या कारभाऱ्यावर ठेवला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले, कारण देशी शिपाई फितेल ही धास्ती. तरीही १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी कैदी निसटला. गोष्ट अशी सांगतात की, एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, घोड्याला फिरवता फिरवता खिडकीखालून गाणी म्हणत जायचा. निरोप त्या गाण्यांत असायचा आणि पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं.

एक संध्याकाळ, एक भिंत, दोन माणसं. लघुकथेला एवढं पुरतं, आणि कादंबरी करायची म्हटलं तरी सुरुवात इथूनच करता येते.

२. आधी हाताशी आहे ते वाचा

पुण्या-मुंबईच्या दफ्तरखान्यांकडे धावू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथे सभासद व्हा आणि तुमच्या घटनेवर मराठीत आधी कोणी काय लिहिलंय ते पाहा. ग्रंथपालांना विषय नीट सांगा. "जुनं काहीतरी ठाण्याबद्दल" असं विचारलंत तर जुनं काहीतरीच हाती पडेल.

दुसरं म्हणजे १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर. त्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे, चौदाव्यात गावोगावच्या नोंदी आहेत. इंग्रजीत आहे, पण भाषा सोपी आहे. पिकं, मिठागरं, बंदरं, जाती, जत्रा, सगळं त्यात सापडतं. सरकारने ते इंटरनेटवरही ठेवलेलं आहे. स्कॅन केलेल्या मजकुरात नावांची मोडतोड झालेली असते, म्हणून नाव किंवा आकडा उचलताना छापील पानाच्या चित्रावरून ताडून घ्या.

इथला सापळा असा की गॅझेटिअर १८८२ चं आहे आणि आपली संध्याकाळ १८१६ ची. मधे सहासष्ट वर्षं गेली, आगगाडी आली. त्यात दिसणारं ठाणे आपल्या मोतद्दाराने पाहिलेलं नाही. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा: हे घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं गेलं? मोतद्दाराच्या गाण्याचंच बघा. ते बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूच्या प्रवासवर्णनामुळे गाजलं. तो मुंबई इलाख्यात आला १८२५ मध्ये. म्हणजे नऊ वर्षं गोष्ट तोंडोतोंडी फिरली, मग कागदावर उतरली, आणि तीही इंग्रजी यमकांत. ती उलटी मराठीत घालून "हीच ती मूळ ओवी" म्हणून कथेत टाकण्याचा मोह होतो. गाणं घाला, पण स्वतःचं रचून घाला.

आणि दुसऱ्याची कादंबरी किंवा टीव्ही मालिका हा पुरावा धरू नका. इतिहास कोणाच्या मालकीचा नसतो. कादंबरीकाराने कल्पनेने निर्माण केलेला नोकर, त्याच्या तोंडचा संवाद, नायिकेचं स्वप्न हे मात्र त्याचंच असतं. मराठीत अशी कितीतरी "ऐतिहासिक सत्यं" एका कादंबरीतून दुसरीत उड्या मारत आली आहेत.

३. वहीत तीन रकाने आखा

पक्कं. ऐकीव. माझं.

त्रिंबकजी ठाण्यात कैदेत होता आणि सप्टेंबर १८१६ मध्ये पळाला, हे पक्कं. मोतद्दाराची गाणी ऐकीव: सुंदर, बहुधा कुठेतरी खरी, पण ऐकीव. मोतद्दाराची आई चेंदणीला मासळी विकायची, हे माझं.

प्रत्येक ओळीपुढे पुस्तक आणि पान टिपा. कंटाळा येतो, तरी टिपा. दीड वर्षानंतर "हे मी कुठे वाचलं होतं?" असं स्वतःलाच विचारायची पाळी आली की या कंटाळ्याची किंमत कळते. तिसऱ्या रकान्यातलं काही नजरचुकीने पहिल्यात सरकलं, तर तुमची कथा उद्या कोणाच्या तरी भाषणात इतिहास म्हणून ऐकायला मिळेल.

४. तारीख मिळाली? आता तिथी, चंद्र आणि खाडी

या पायरीवर जास्त वेळ द्या. नवखे लेखक नेमकी हीच गाळतात.

इंग्रजी तारखेवरून तिथी काढायला जुन्या जंत्र्या ग्रंथालयात मिळतात, संगणकावरही गणित करता येतं. १२ सप्टेंबर १८१६ हा गुरुवार होता. पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झालेले, म्हणजे भाद्रपद वद्य षष्ठीच्या आगेमागे. आता या एका ओळीतून काय काय निघतं ते बघा.

चंद्र. वद्य षष्ठीला तो रात्री दहाच्या सुमाराला उगवतो. म्हणजे दिवेलागणीपासून दहापर्यंत काळोख, वर पावसाळी आभाळ. पळायला हीच वेळ का, याचं एक उत्तर आपोआप मिळालं. चांदण्यात न्हालेला किल्ला लिहायची हौस असेल तर ती दुसऱ्या कथेसाठी राखून ठेवा.

भरती. साष्टी तेव्हा बेटच होतं. मुख्य भूमीवर जायचं तर खाडी ओलांडायलाच हवी, आणि ठाण्याच्या खाडीवर रेल्वेचा पूल झाला तो १८५४ मध्ये गाडी कल्याणपर्यंत नेताना. कोकणात भरतीचा ठोकताळा सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ येते. षष्ठी म्हणजे सहा, त्याची पाऊणपट साडेचार. दुपारी साडेचारच्या सुमाराला भरती, तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. ठाणे खाडीत आत असल्याने इथे पाणी थोडं उशिरा चढतं-उतरतं. म्हणजे आठ-नऊ वाजता पाणी उतरत होतं आणि काठचा चिखल उघडा पडत होता. होडी थेट काठाला लागणार नाही. कैद्याला चिखल तुडवत होडीपर्यंत जावं लागेल, आणि त्या चिखलात धावता येत नाही. प्रसंग अर्धा इथेच लिहून झाला.

पक्ष. भाद्रपदाचा वद्य पक्ष म्हणजे पितृपक्ष. घरोघरी श्राद्धं, कावळ्यांना घास, शुभकार्यं बंद. कैदेतल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, ते मी सांगायची गरज नाही. गणपती नुकतेच होऊन गेलेले, पण फक्त घरचे. सार्वजनिक मंडप आणि मिरवणूक इथे आणाल तर सरळ १८९० च्या दशकात जाल.

याहून मागे, १७३७ च्या मोहिमेसारख्या विषयावर गेलात तर तारखांचा आणखी एक घोळ आहे. पोर्तुगिजांनी नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं, इंग्रजांनी १७५२ मध्ये घेतलं. त्यामुळे त्या मोहिमेची मुंबईकर इंग्रजांची तारीख पोर्तुगीज तारखेच्या ११ दिवस मागे असते. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्यांच्या कागदावरचा फेब्रुवारी १७३६ हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७३७ असतो. दोन साधनं भांडताहेत असं वाटलं, की आधी हे तपासा.

५. जागा पायांनी पाहा

ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही आणि बाहेरून फोटोही काढू नका. पहारेकरी हटकतील आणि त्यांचं बरोबरच असेल. पण तुम्हाला भिंतीपेक्षा अंतरं हवी आहेत. कोर्टनाक्यापासून खाडीपर्यंत चालत जा. कळव्याच्या पुलावर उभं राहून पारसिकचा डोंगर किती जवळ दिसतो ते बघा. मग तोच डोंगर काळोखात दिसेल का, हे संध्याकाळी पुन्हा येऊन बघा. ओहोटीच्या वेळी जा, चिखलाचा वास वहीत लिहा. मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचं देऊळ तेव्हाही होतं, ते नकाशात धरा.

चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या माणसाशी बोला. उधाण कधी, भांग (कमी जोराची भरती) कधी, कोणत्या वाऱ्याला होडी कुठे फेकली जाते, हे ज्ञान पुस्तकांत विस्कळीत आहे आणि त्यांच्या बोलण्यात सलग. जाताना प्रश्न ठरवून जा. "काका, जुन्या गोष्टी सांगा" म्हटलंत तर मुंबईच्या महापुरापर्यंतच्या सगळ्या ऐकाव्या लागतील. त्यातही मजा आहे म्हणा.

एक लक्षात ठेवा: आजची खाडी १८१६ ची नाही. गाळ साचला, भराव पडले, तिवरं सरकली. पात्राच्या रुंदीसाठी जुना नकाशा शोधा.

६. दफ्तरखाना आणि मोडी, पण लागेल तेवढंच

मोडी म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी. "मोडी आल्याशिवाय लिहायचंच नाही" असं ठरवून लोक वर्षानुवर्षं थांबतात. आधी विचारा, माझ्या विषयाला मोडी लागते का? ठाणे १७७४ पासून इंग्रजांकडे. १८१६ मधल्या कैदेचा, पहाऱ्याचा, पलायनाचा पत्रव्यवहार इंग्रजीत. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, एल्फिन्स्टन. त्याच्या कचेरीची पत्रं 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या मालेत छापून आलेली आहेत. तेव्हा माझ्या उदाहरणाला मोडी जवळजवळ लागतच नाही.

विषय १७३७ चा असेल तर मात्र गाठ मराठी कागदांशी. तिथेही पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी ४५ खंडांत, देवनागरीत छापून ठेवलेले आहेत. आधी ते संपवा. त्यानंतरही तहान राहिली तर मोडी शिका. राज्याचं पुराभिलेख संचालनालयही प्रशिक्षण देतं. लिपी तशी लवकर ओळखीची होते. अडवतात त्या दोन गोष्टी: शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्याखालोखाल सनावळी. 'सबा अशर मयातैन व अलफ' अशी ओळ आली की घाबरू नका. सात, दहा, दोनशे आणि हजार, म्हणजे १२१७. हा सुहूर सन मृगाला, जूनच्या तोंडावर, बदलतो. जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मेसाठी ६००. आलं १८१६-१७. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण गुढीपाडव्यापूर्वीच्या महिन्यांना ७९.

मुंबईचा दफ्तरखाना काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय फोर्टात टाउन हॉलमध्ये, पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात. निघण्याआधी फोन करून वेळा, सुट्ट्या आणि नियम विचारा. सोबत ठेवायचं ते असं:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, त्याची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- विषय, काळ आणि कोणती कागदपत्रं हवीत हे सांगणारं एकपानी पत्र. काही ठिकाणी संस्थेचं किंवा प्राध्यापकांचं शिफारसपत्रही मागतात
- पेन्सिली (जुन्या कागदांजवळ शाईचं पेन नेऊ देत नाहीत), कोरी वही, भिंग
- आधीच तयार केलेली यादी: हवं ते वर्ष, महिना, व्यक्तींची नावं

शेवटची यादी नसेल तर अख्खा दिवस सूची चाळण्यात जातो. फोटो काढायला परवानगी आणि शुल्क दोन्ही लागू शकतं, तेही आधी विचारा.

७. घरात काय होतं, काय नव्हतं

१८१६ मध्ये काडेपेटी नव्हती. घासून पेटणारी काडी इंग्लंडातच १८२६ मध्ये निघाली. रॉकेलही नव्हतं. म्हणजे विस्तव चकमकीचा किंवा शेजारून आणलेला, दिवा करंजेलाचा नाहीतर उंडेलाचा. काळोखात कोणी "झटकन काडी ओढली" तर कथा तिथेच संपते. चहा घरोघरी नाही, टोमॅटो नाही, उपासाची साबुदाणा खिचडी नाही. मिरची होती, ती पोर्तुगिजांच्या मागोमाग आली.

मिनिटं शिपायांच्या घड्याळात असतील, मोतद्दाराकडे घटका आणि प्रहर. अडीच घटका म्हणजे आपला एक तास. पैशांचंही तसंच: सगळीकडे चालणारा कंपनीचा एकच रुपया १८३५ नंतरचा. त्याआधी नाण्यांचे प्रकार बरेच, आणि सराफ बट्टा कापणार. लाच दिल्याचा प्रसंग लिहिताना नुसतं "शंभर रुपये" न म्हणता कुठले रुपये, यावरून दोन माणसं घासाघीस करू लागली तर वाचक त्या काळात अलगद जाऊन बसतो.

८. माणसं बोलतात कशी

पत्रांची भाषा बोलण्यात घालू नका. 'विनंती विज्ञापना ऐसीजे' असं कोणी बायकोशी बोलत नव्हतं. आणि सगळ्यांच्या तोंडी "आज्ञा व्हावी सरकार" घालणंही थांबवा. त्या काळच्या कागदांत खबर, हुकूम, कैद, पहारा, दगा, बंदोबस्त असे फारसी वळणाचे शब्द पाण्यासारखे येतात. त्याउलट 'दिनांक'सारखे शब्द विसाव्या शतकात घडवलेले आहेत. संवाद सोपे, छोटे, आजच्या वाचकाला कळणारे ठेवा आणि मोजकेच जुने शब्द पेरा. शब्दांपेक्षा कोण कोणाला अरे म्हणतं आणि कोण अहो, याने काळ जास्त उभा राहतो.

९. लिहायला बसा

संशोधन पुरं कधी होतं? होत नाही. घटनेचा क्रम, जागा आणि रात्र हाती आली की पहिला खर्डा सुरू करा. माहिती अडली तर तिथे फुली मारून पुढे जा: "मोतद्दाराने × पायात घातलं." खर्डा संपल्यावर फुल्यांची यादी करा आणि फक्त तेवढंच शोधा. एकेका फुलीसाठी आठवडा थांबलात तर मोतद्दार अनवाणीच राहील.

खर्डा झाला की जमवलेली माहिती पात्राच्या कामाची आहे का ते तपासा. चिखल कैद्याला अडवतो, म्हणून चिखल राहील. ठाण्याच्या शिलाहारांवरचा तुमचा सुंदर परिच्छेद कोणालाच अडवत नाही, तो काढा. जीव तुटतो, ठाऊक आहे. वेगळा लेख करा त्याचा.

१०. छापायला देण्यापूर्वी

एक प्रत इतिहास जाणणाऱ्याला द्या आणि एक अजिबात न जाणणाऱ्याला. पहिला चुका काढेल, दुसरा कुठे कंटाळला ते सांगेल. दुसऱ्याचं जास्त ऐका.

खऱ्या व्यक्तींवर आरोप लिहिताना "आरोप होता" आणि "केलं" यांत फरक ठेवा. शास्त्र्यांच्या खुनात त्रिंबकजीचा हात होता हे इंग्रजांचं म्हणणं होतं. तुमच्या कथेत काय घडलं ते तुम्ही ठरवाल, पण जाणूनबुजून ठरवा. घराण्यांचे वंशज आहेत आणि ते वाचतात.

दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर जून-जुलैपर्यंत पक्की प्रत तयार हवी. शब्दमर्यादा आधी विचारून घ्या. कथेखाली पाच-सहा ओळींची टीप जोडा आणि तीत वहीतले तीन रकाने सरळ उघडे करा: कैद आणि पलायन नोंदलेलं, गाणी ऐकीव, मोतद्दाराची आई माझी. संपादक जागा नाही म्हणाले तर कथेतला एखादा परिच्छेद कापायला सांगा, टीप राहू द्या.